२०४८ : वरचा बाण दाबायचा नाही

सोनटक्का (रविवार, रात्री ११:५०)

वयाच्या ५२व्या वर्षी मी एका खेळाच्या नादी लागले आहे. घरात याबद्दल कोणाशी धड बोलता येत नाही, म्हणून इथे धागा काढतेय.

माझे वडील, अण्णा, मार्चमध्ये न्हाणीघरात घसरले. वय ८१. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि एरंडवण्यातल्या एका हॉस्पिटलात मी ११ रात्री त्यांच्या उशाशी काढल्या. पुस्तक नेलं होतं. पण मध्येच सिस्टर येणार, सलाइन बघणार, ताप घेणार, शेजारच्या खाटेवरचे आजोबा पाणी मागणार. तेच पान मी तीन-तीनदा वाचत होते. तिसऱ्या रात्री भाचा डबा घेऊन आला आणि जाताना माझ्या फोनवर २०४८ टाकून गेला. म्हणाला, "मावशी, नुसतं सरकवायचं. चार दिशा, बास."

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. चार बाय चारची चौकट, म्हणजे १६ घरं. त्यात आकडे लिहिलेल्या फरशा. बोट ज्या दिशेला फिरवाल त्या दिशेला सगळ्याच फरशा भिंतीपर्यंत सरकतात. दोन सारख्या फरशा एकमेकींवर आपटल्या की त्यांची एक होते आणि आकडा दुप्पट होतो. प्रत्येक वेळी सरकवलं की एका रिकाम्या घरात नवी फरशी येते, बहुतेकदा २ ची, क्वचित ४ ची. दोनाचे चार, चाराचे आठ करत करत २०४८ गाठायचं. घरं भरली आणि काहीच हलेना की डाव संपला.

घड्याळ नाही, मागे लागणारा कोणी नाही. सिस्टरने हाक मारली की फोन उपडा ठेवायचा. परत येऊन बघावं तर चौकट होती तशी वाट बघत असते. त्या रात्रींना हे फार धरून होतं.

आता अण्णा घरी आहेत, कर्वेनगरला. दिवसा त्यांच्यासाठी बाई येतात, रात्री मी असते. त्यांना झोप लागली की ११ वाजता मी "एकच डाव" म्हणून बसते आणि दीड वाजतो. माझं १०२४ नऊ वेळा झालंय. २०४८ एकदाही नाही. परवा रात्री तर १०२४ खालच्या कोपऱ्यात, त्याच्या शेजारी ५१२, त्याच्या शेजारी २५६, असं सगळं जुळून आलं होतं. बोट जरासं तिरकं गेलं आणि अख्खी चौकट वर उडाली. रिकाम्या झालेल्या कोपऱ्यात नेमकी २ ची फरशी येऊन बसली. मी उठून पाणी प्यायले, परत येऊन बघितलं, तरी ती तिथेच. पुढच्या दहा-बारा हालचालींत डाव संपला.

डोळे मिटले की फरशा दिसतात. काल स्वारगेटला उभी असताना बसच्या पाट्यांवर शेजारी-शेजारी दोन सारखे आकडे दिसले आणि माझं बोट आपोआप हललं.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली, हे २०४८ होतं कसं? दुसरी जरा अवघड आहे. आजारी माणसाच्या उशाशी बसून असं खेळत राहणं तुम्हाला कसं वाटतं? खरं सांगा, मला राग येणार नाही.

खडकमाळ (रविवार, रात्री ११:५८)

+१. माझंही १०२४ वर अडलंय. उत्तरांची वाट बघतोय.

घातांक (सोमवार, सकाळी ६:४०)

सोनटक्काताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. हडपसरला एका शाळेत गणित शिकवतो, आणि आठवीच्या वर्गाला घातांक शिकवताना हाच खेळ फळ्यावर काढतो. २०४८ म्हणजे दोनचा अकरावा घात. पोरांना हे पाठ करावं लागत नाही, फरशा जुळवताना आपोआप बसतं.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. १०२४ झालं म्हणजे जवळ आलो असं वाटतं, पण तिथे अर्धाच रस्ता झालेला असतो. आणखी एक १०२४ पहिल्यापासून उभं करायचं असतं, आणि तेही एक घर कायमचं अडलेलं असताना. माणूस तिथेच हात सैल सोडतो आणि घाई करतो. तुमचे नऊच्या नऊ डाव कुठे गेले ते आठवून बघा.

आता रीत. सगळ्यात मोठा आकडा खालच्या डाव्या कोपऱ्यात धरायचा. खाली आणि डावीकडे हे दोन कामाचे बाण, म्हणजे सरकवायच्या दिशा. उजवा बाण फक्त खालची ओळ चारही घरांत भरलेली असेल आणि तिच्यात शेजारी-शेजारी सारख्या फरशा नसतील तेव्हा, कारण मग ती ओळ हलत नाही. खालची ओळ अर्धवट असताना उजवा दाबला तर कोपरा रिकामा पडतो आणि तिथे कोण येऊन बसेल ते आपल्या हातात नसतं.

वरचा बाण दाबायचा नाही. बाकीचे तीनही बाण चालेनासे झाले आणि दुसरा उपायच उरला नाही, तरच वर, आणि लगेच खाली.

फरशा लावायच्या त्या नांगरासारख्या. बैल तासाच्या टोकाला जाऊन वळतो आणि शेजारच्या तासाने उलटा येतो ना, तसं. खालच्या ओळीत डावीकडून १०२४, ५१२, २५६, १२८. मग १२८ च्या डोक्यावर ६४ आणि तिथून डावीकडे ३२, १६, ८. त्याच्या वर ४ आणि ४. एवढं जमलं की त्या दोन चारांना हात लावा. चाराचे आठ, आठाचे सोळा, अशी ओळीने सगळी घरं कोसळत जातात आणि शेवटी कोपऱ्यात २०४८ उभं राहतं. त्या दहा फरशांची बेरीज करून बघा, बरोबर २०४८ भरते.

वर्गात हे घडलं की पोरं बाकांवर उभी राहतात. मी कोणाला खाली बस म्हणत नाही.

हिंजवडी_फेज२ (सोमवार, सकाळी ९:१५)

घातांक सर, नांगराची उपमा फारच आवडली. यामागचं गणित आणि गोष्ट थोडी सांगतो, कारण मी स्वतः प्रोग्रामर आहे आणि या खेळाचा कोड ओळ न् ओळ वाचलाय.

गॅब्रिएले चिरुली नावाच्या १९ वर्षांच्या इटालियन मुलाने मार्च २०१४ मध्ये शनिवार-रविवारात हा खेळ लिहिला. विकायचा म्हणून नव्हे, आपल्याला जमतंय का ते बघायला. सगळा कोड त्याने खुला ठेवला, कोणीही घ्यावा, बदलावा. म्हणून आज याच्या इतक्या आवृत्त्या दिसतात.

नवी फरशी १० पैकी ९ वेळा २ ची असते आणि एकदा ४ ची. म्हणजे दर खेपेला चौकटीत सरासरी २.२ ची भर पडते. २०४८ ला २.२ ने भागा. सुमारे ९३० वेळा सरकवावं लागतं. ताई, तुमचा एक तिरका बोटाचा फटकारा त्या ९३० मधला एक होता. एवढ्या वेळा फोनच्या काचेवर बोट फिरवायचं तर एखादं चुकणारच. फोनवर खेळू नका, कीबोर्डवर खेळा. बाण दाबला की दाबला, तिथे तिरकं काही नसतं. मी तर लॅपटॉपच्या वरच्या बाणावर चिकटपट्टीचा जाड तुकडा लावला होता. बोटाला तो खरखरीत लागला की हात थांबायचा.

आणि २०४८ च्या पुढेही खेळता येतं. १६ घरांत जास्तीत जास्त १,३१,०७२ पर्यंतची फरशी होऊ शकते, निदान कागदावर.

पाच_तीन_दोन (सोमवार, दुपारी १:०५)

गोष्ट सांगितलीत, पण अर्धीच. चिरुलीच्या आधी '१०२४' नावाचा तसाच खेळ होता आणि त्याच्याही आधी, फेब्रुवारी २०१४ मध्ये, 'थ्रीज' आला होता. अ‍ॅशर व्होल्मर आणि ग्रेग वोलवेंड या दोघांनी १४ महिने खपून तो बनवला. त्यात १ आणि २ मिळून ३ होतात आणि तिथून पुढे सारख्याला सारखा जुळतो. विकत घ्यायचा खेळ होता. महिन्याभरात फुकटच्या नकला आल्या आणि लोक उलट थ्रीजलाच नक्कल म्हणू लागले. त्या दोघांनी आपसातली पत्रंच्या पत्रं प्रसिद्ध केली, हा खेळ कसकसा घडत गेला ते लोकांना कळावं म्हणून. मी ती वाचली आहेत. एक नियम काढायला, एक आकडा बदलायला किती दिवस घालवलेत ते वाचून जीव तुटतो.

साधी वस्तू साधी दिसावी म्हणून कोणीतरी वर्षभर राबलेलं असतं. त्याचं नाव घेतलं जावं, एवढंच माझं म्हणणं.

हिंजवडी_फेज२ (सोमवार, दुपारी १:२०)

मान्य. तुमचं अगदी बरोबर आहे, मी ते आधीच लिहायला हवं होतं. मात्र चिरुलीने स्वतः तो आपला मूळ विचार असल्याचा दावा केलेला नाही, हेही नोंदवतो.

तुळशीबागवाली (सोमवार, दुपारी ३:३०)

ताई, डोळे मिटल्यावर फरशा दिसतात हे वाचलं आणि मला आमची आई दिसली.

आमच्याकडे ब्रिक गेम होता. तुळशीबागेतून भावाने हट्ट करून आणवलेला, राखाडी रंगाचा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. त्यात खेळ पुष्कळ असल्याचं खोक्यावर लिहिलं होतं, पण खेळायचा तो एकच. वरून ठोकळे पडतात ते फिरवून बसवायचे, ओळ भरली की नाहीशी होते. टेट्रिस हे नाव आम्हाला कुठे माहीत होतं! आम्ही शाळेत गेलो की दुपारी आई खेळायची. आयुष्यात तिने कॉम्प्युटरला हात लावलेला नव्हता. भांडी आवरली, तांदूळ निवडले, की खिडकीशी बसायची. चार घरांची उभी काठी येईपर्यंत एक गाळा मोकळा ठेवायचा आणि काठी आली की चार ओळी एकदम उडवायच्या, हे तिला कोणी शिकवलं नाही, तिचं तिने शोधलं. काठी आली की "आली गं बाई" असं मोठ्याने म्हणायची. रात्री म्हणायची, डोळे मिटले की ठोकळे पडतात.

पुढे नोकरीत असताना वाचलं की यावर खरंच अभ्यास झालाय. हार्वर्डच्या रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी २००० साली तो प्रसिद्ध केला. टेट्रिस खेळलेल्या लोकांना झोप लागता लागता पडणारे आकार दिसत होते. त्यांच्यात स्मृती गेलेले रुग्णही होते. आपण खेळ खेळलो हे त्यांना आठवत नव्हतं, पण ठोकळे मात्र दिसत होते. हे वाचलं तेव्हा आई नव्हती. तिला सांगायला फार आवडलं असतं.

तो खेळ अलेक्सी पाजित्नोव यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत बनवला, कामाच्या ठिकाणी. हक्क सरकारकडे असल्यामुळे १९९६ पर्यंत त्यांना त्यातून म्हणण्यासारखं काही मिळालं नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल म्हणाल तर आईची ती दुपारची अर्धी घटका तिच्या हक्काची होती. तुमचीही आहे.

अभ्यासिका_खुर्ची_७ (सोमवार, रात्री १०:१०)

मी जरा वेगळं लिहितोय. कोणाला दुखवायचं नाही.

मी परभणीचा. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून चार वर्षं एमपीएससी करतोय. गेल्या वर्षी मी याच खेळात अडकलो होतो. सुरुवात मेसमध्ये झाली, ताट येईपर्यंत एक डाव. मग अभ्यासिकेत दर तासाला एक. मग पुस्तक उघडायच्या आधी एक, म्हणजे डोकं ताजं होईल म्हणून. माझं २०४८ झालं, ४०९६ पण झालं. ज्या दिवशी ४०९६ झालं त्या दिवशी मला सांगायला कोणी नव्हतं. आणि मी त्या आठवड्यात राज्यघटनेचं एकही प्रकरण पूर्ण केलं नव्हतं.

पूर्वपरीक्षा थोडक्यात गेली. दोष मी खेळाला देत नाही. पण एक सांगतो. अभ्यासात आज केलेल्याचं फळ दीड वर्षाने कळतं, आणि तेही मिळालं तर. चौकटीत दोन चार जुळले की तिथल्या तिथे आठ दिसतात. मला त्या आठाची भूक लागली होती. गावाकडे वडील उधारीवर बियाणं घेतात आणि मला पैसे पाठवतात, आणि मी फरशा सरकवत होतो. एका रात्री फोन रूममेटकडे दिला आणि म्हटलं, तूच काढून टाक, माझ्याने होणार नाही. त्याने काढला.

ताई, तुमचं वेगळं आहे. तुम्ही जागं राहायलाच हवं होतं. पण दीड वाजेपर्यंत जागायला अण्णा सांगत नसतील. तेवढं बघा.

सोनटक्का (सोमवार, रात्री ११:२५)

खुर्ची ७, तुम्ही लिहिलंत ते मी दोनदा वाचलं. तुमचं शेवटचं वाक्य बरोबर आहे. अण्णा दहालाच झोपतात. पुढचं जागरण त्यांच्यासाठी नसतं, माझ्यासाठी असतं, आणि दुसऱ्या दिवशी पतसंस्थेत मी व्हाउचर तपासताना डुलक्या घेते. गेल्या मंगळवारी एका खातेदाराची नोंद माझ्याकडून चुकीच्या रकान्यात गेली. पकडली, दुरुस्त केली, पण गेली.

आज ११ ला बंद करणार होते. बंद केलाय.

निशिगंध (मंगळवार, सकाळी ११:००)

मी समुपदेशक आहे, म्हणून थोडं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मान्य केलेल्या आणि जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात खेळाच्या विकाराची नोंद आहे. त्यात तीन गोष्टी बघतात. खेळावरचा ताबा सुटलाय का, बाकीच्या सगळ्यापेक्षा खेळ वरचढ झालाय का, आणि नुकसान होतंय हे दिसत असूनही तो चालू आहे का. आणि हे साधारण १२ महिने दिसायला हवं, घर, नोकरी, नाती यांवर ठळक परिणाम व्हायला हवा. तीन आठवडे एका फरशीच्या मागे लागलेला माणूस त्यात बसत नाही. ताई, तुम्ही निर्धास्त राहा.

खुर्ची ७, तुम्ही रूममेटला फोन दिलात, ती फार मोठी गोष्ट केलीत. आपला हात आपल्याला पुरत नाही हे ओळखून दुसऱ्याचा हात मागणं बहुतेकांना जमत नाही. अभ्यासाचं फळ लवकर दिसत नाही ही तुमची तक्रार खरी आहे. रोजच्या रोज दिसेल असं काहीतरी ठेवा, एखाद्या वहीत वाचलेल्या पानांचा आकडा तरी.

सोनटक्का (गुरुवार, रात्री १०:३०)

आज सविस्तर लिहायचंय.

मंगळवारी भाच्याचा जुना लॅपटॉप आणला. हिंजवडी_फेज२ यांनी सांगितल्याप्रमाणे वरच्या बाणावर चिकटपट्टी लावली, चार पदरी. अण्णांच्या पलंगाला जेवायचं सरकतं टेबल आहे, त्यावर ठेवून खेळत होते. अण्णा जागे होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "खालची ओळ ढिली आहे तुझी."

मी थांबले. अण्णांना मी या खेळातलं काहीही सांगितलेलं नव्हतं.

अण्णा ३१ वर्षं नारायण पेठेतल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. शिशाचे खिळे, म्हणजे छापायची सुटी अक्षरं, जुळवायचे. मी लहान असताना त्यांना डबा द्यायला जायचे, ते डोळ्यांसमोर आहे. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी, उजव्या हाताने समोरच्या खणाखणांच्या पेटीतून खिळा उचलायचा, तोही न बघता. प्रत्येक अक्षराचं घर बोटांना पाठ. अंगठ्याने खिळा स्टिकमध्ये दाबून धरायचा आणि पुढचा उचलायचा. अक्षर आरशात दिसावं तसं उलटं, तरी ते सरळ वाचल्यासारखं वाचायचे. त्यांच्या उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांच्या टोकांना अजून तो गुळगुळीतपणा आहे.

मी विचारलं, ढिली म्हणजे? तर म्हणाले, ओळ पूर्ण भरून घट्ट बसवायची असते. मध्ये जागा राहिली तर पातळ पट्टी घालून ती भरायची. एक ओळ ढिली राहिली की मजकूर उचलताना तिथून खिळे निसटतात आणि अख्खं पान जमिनीवर. एकदा त्यांच्या हातून असं झालं होतं, दिवाळी अंकाच्या गर्दीत, रात्री दोन वाजता. सगळे खिळे गोळा करून सकाळपर्यंत पान परत जुळवलं. हे त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. मी त्यांची ५२ वर्षांची मुलगी, मला हे परवा रात्री कळलं.

घातांक सर, तुम्ही खालची ओळ भरलेली ठेवा म्हणालात, तेच ते म्हणत होते.

तेव्हापासून आम्ही दोघं मिळून खेळतो. रात्री नऊ ते दहा. बाण मी दाबते, कारण त्यांचा हात थरथरतो. ते बघतात आणि सांगतात. घाई अजिबात नाही. एकेका चालीला ते इतका वेळ घेतात की मला वाटतं डोळा लागला, आणि मग हलकेच येतं, "डावीकडे." फिजिओथेरपीची बाई रोज पलंगावर बसतं करायची तेव्हा पाच मिनिटांत "निजवा आता" म्हणायचे. काल टेबलासमोर चाळीस मिनिटं बसले होते. दोघांच्याही लक्षात आलं नाही.

घातांक (शुक्रवार, सकाळी ६:३०)

ताई, आज वर्गात तुमच्या अण्णांबद्दल सांगणार आहे. पोरांनी शिशाचा खिळा पाहिलेलाच नाही. एखादा असेल तर फोटो टाकाल का?

तुळशीबागवाली (शुक्रवार, सकाळी १०:४५)

चाळीस मिनिटं बसले! किती बरं वाटलं वाचून. आमच्या आईसारखं "आली गं बाई" म्हणतात का ते कळवा.

खडकमाळ (शुक्रवार, दुपारी ४:२०)

माझं झालं!! २०४८!! मेट्रोत, मंडई ते स्वारगेटच्या मध्ये. घातांक सरांची नांगराची रीत. शेवटचे दोन चार जुळले आणि सगळं धडाधड कोसळत गेलं. शेजारच्या काकांना दाखवलं, तेही खूश झाले. स्वारगेटला सगळी गाडी रिकामी झाली तरी आम्ही दोघं तिथेच.

सोनटक्का (रविवार, रात्री १०:१५)

खडकमाळ, अभिनंदन!

आमचंही झालं. आज, ९:३५ ला.

१०२४ काल रात्रीच आलं होतं. डाव तसाच ठेवून लॅपटॉप मिटला होता. आज ५१२, मग २५६, मग १२८. एका ठिकाणी अगदी गळ्याशी आलं होतं. खालच्या दोन ओळी गच्च, एकही जोडी नाही, वर सगळं मोकळं. डावा चालेना, उजवा चालेना, खालचा चालेना. उरला तो पट्टी लावलेला बाण. मी अण्णांकडे बघितलं. ते म्हणाले, "उचल. पण लगेच टेकव." मी पट्टीवर बोट दाबलं, सगळं वर गेलं, नवी २ ची फरशी उजव्या बाजूला खाली आली, कोपऱ्याच्या खाली नाही. लगेच खाली. कोपरा जागच्या जागी बसला. माझा श्वास अडकला होता, अण्णा शांत होते.

त्यानंतर अर्ध्या तासाने ४ च्या दोन फरशा शेजारी-शेजारी आल्या. मी बाण दाबणार तर त्यांनी हात वर केला. चौकट एकदा डावीकडून उजवीकडे, मग वरच्या ओळीत उजवीकडून डावीकडे वाचली, प्रुफं तपासायचे तशी, ओठ हलवत. मग म्हणाले, "घे." मग एकेक चाल. आठ, सोळा, बत्तीस. प्रत्येक जुळणीला ते आकडा मोठ्याने म्हणत होते. शेवटी "दोन हजार अठ्ठेचाळीस" म्हणाले आणि टेबलावर हात टेकून जरा पुढे झुकले, फरशी जवळून बघायला.

तुळशीबागवाली, "आली गं बाई" मी म्हटलं.

घातांक सर, खिळा सापडला. अण्णांच्या लाकडी पेटीत तीन होते, एक 'क', एक 'ळ', एक वेलांटी. उद्या उजेडात फोटो काढते.

खुर्ची ७, दहा वाजता लॅपटॉप मिटलाय. रोज मिटते. तुमच्या वहीत आज किती पानं झाली तेही कळवा, अण्णा विचारत होते. तुमचं लिहिलेलं मी त्यांना वाचून दाखवलं होतं.

पडद्यावर पुढे खेळायचं की नवा डाव मांडायचा असं विचारत होतं. मी अण्णांना विचारलं, ४०९६ करायचं का? ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "छापून झालं की खिळे सोडायचे असतात. ज्याचा त्याच्या घरात. मग उद्या नवं पान."

मी नवा डाव मांडला. दोन फरशा आल्या, दोन्ही २ च्या.